ह्यांच्या हातावरचा डाग

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग पापड-कुरडया. पण परवा पुतण्याचा फोन आला आणि त्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून आज बसले आहे. लेख थोडा लांबणार आहे, आणि काही नातेवाईकांना झोंबणार आहे. नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पुतण्या म्हणाला, "काकू, तक्रार तयार आहे. तू आणि काकांनी फक्त सही करायची. त्या सिस्टरचं लायसन्स गेलंच पाहिजे."

मी सही करणार नाही. का करणार नाही, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण घरच्या माणसांसमोर माझं बोलणं अजूनही अर्ध्यात तुटतं. लिहिताना तुटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी झालेली हकिगत सांगते. २०२४च्या श्रावणात ह्यांना थंडी वाजून ताप आला. वय अठ्ठ्याहत्तर, लघवीचा जुना त्रास. संध्याकाळपर्यंत बोलणं असंबद्ध झालं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर बीपी सत्तर-चाळीस. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. सलाईनच्या दोन बाटल्या गेल्या तरी बीपी वर येईना. तिथले डॉक्टर म्हणाले, "जिल्ह्याला हलवायला हवं. पण असं नेलं तर वाटेत काहीही होईल. बीपीचं औषध इथूनच सुरू करतो." डाव्या हाताच्या पंजावर सुई होती, तिलाच औषध जोडलं. त्याचं नाव नॉरअ‍ॅड्रेनलिन. पावसात सव्वादोन तास अँब्युलन्स. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा बीपी शंभरच्या आसपास होतं आणि ह्यांनी मला नावाने हाक मारली.

तिथल्या आयसीयूत औषध त्याच सुईतून चालू राहिलं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची होती, तिला सेंट्रल लाईन म्हणतात. पण डॉक्टर दुसऱ्या एका गंभीर पेशंटपाशी अडकले होते, तेव्हा "सकाळी टाकू" असं ठरलं. पहाटे साडेचारला सिस्टरच्या लक्षात आलं की सुई शिरेतून सरकली आहे आणि औषध मांसात झिरपतं आहे. तिने लगेच ते बंद करून कोपराजवळच्या शिरेत सुरू केलं, डॉक्टरांना उठवलं. माणूस वाचला, पण पंजाची कातडी काळी पडली. दोन महिन्यांनी मांडीची कातडी काढून तिथे लावली. आज डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. पेटी वाजवणं सुटलं.

हा आमचा तोटा आहे. तो लहान आहे असं मी म्हणत नाही. संध्याकाळी पेटीवरची खोळ तशीच असते, तेव्हा मला रोज तो दिसतो.

आता पुतण्याचं म्हणणं. तो म्हणतो, हे औषध हाताच्या शिरेतून द्यायचंच नसतं, सेंट्रल लाईनमधूनच देतात, नेटवर लिहिलेलं आहे, म्हणजे सरळ सरळ गुन्हा आहे. त्याने लिंकाही पाठवल्या. मी त्या वाचल्या. मग माझी भाची पुण्यात चौदा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे, तिला बोलावून घेतलं आणि तीन दिवस तिचं डोकं खाल्लं. बी.ए. मराठीवाली बाई वैद्यकावर काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. पण पुरावा कसा वाचायचा हे कुठल्याही विषयाच्या मास्तरला यायला हवं.

आधी औषध करतं काय ते. आमच्या माहेरी पाटाचं पाणी होतं. पाटाचे काठ ढासळून तो पसरट झाला की वरच्या अंगाला पाणी नुसतं पसरतं, शेवटच्या वाफ्यांपर्यंत पोहोचत नाही. सेप्टिक शॉकमध्ये तसंच होतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, मूत्रपिंड, मेंदू, हृदय हे वाफे कोरडे राहायला लागतात. नुसतं पाणी वाढवून, म्हणजे सलाईन देऊन, एका मर्यादेपलीकडे भागत नाही, उलट फुप्फुसात पाणी साठतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, पाट पुन्हा अरुंद होतो आणि दाब मिळतो. पण हेच औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि तेवढा तुकडा रक्तावाचून मरतो. ह्यांच्या हाताचं तेच झालं.

ही भीती खोटी नाही, जुनी आहे. १९५०च्या सुमाराला हे औषध वापरात आलं तेव्हा ते हातापायांच्या शिरांतूनच देत, आणि कातडी काळी पडल्याच्या नोंदी तेव्हापासूनच्या आहेत. पुढे सेंट्रल लाईन सर्रास टाकता येऊ लागली आणि नियम रूढ झाला, की असलं औषध तिच्यातूनच द्यायचं. मोठी शीर, भरपूर रक्ताचा प्रवाह, सांडण्याची धास्ती कमी. नियम शहाणपणाचाच होता. पण नियम कशासाठी केला हे विसरून तो पाळायला लागलो की त्याचं सोवळं होतं.

सोवळं कसं होतं, ते मी २०११ साली पाहिलं. माझा धाकटा भाऊ न्यूमोनियाने एका लहान हॉस्पिटलात होता. बीपी पडत होतं. औषध कपाटात होतं. "सेंट्रल लाईन टाकणारे डॉक्टर येईपर्यंत देता येत नाही" असं आम्हाला सांगितलं. ते आले नाहीत. तीन तासांनी त्याला हलवलं, औषधाविनाच. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. औषध वेळेवर मिळालं असतं तर तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही, न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. पण ते तीन तास मी बाकावर बसून मोजले आहेत. त्याच्या हातावर एकही डाग नव्हता. हात अगदी स्वच्छ होते.

त्यावेळी आपल्यापैकी कुणी तक्रार केली नाही. कुणाचं लायसन्स मागितलं नाही. कारण काही न केल्याचा डाग दिसत नाही. पुतण्या, हे जरा थांबून वाच.

आता पुरावा. पुतण्याने पाठवलेल्या लिंकांत २०१५च्या एका अभ्यासाचा उल्लेख होता. लुबानी आणि ग्रीन या दोघांनी जगभरच्या नोंदी चाळून, अशा औषधांमुळे इजा झालेले किंवा औषध शिरेबाहेर गेलेले रुग्ण गोळा केले. २७० रुग्ण, ३२५ घटना, त्यातल्या ३१८ हातापायांच्या शिरांमधून दिलेल्या औषधाच्या. आकडा पाहून छाती दडपते. पण त्यांनी शोधलेच मुळी नुकसान झालेले रुग्ण! शाळेतल्या फक्त नापास मुलांची यादी काढली आणि त्यावरून "या शाळेत सगळे नापास होतात" असा निष्कर्ष काढला तर चालेल का? त्या यादीतून किती टक्के नापास झाले ते कळत नाही. का झाले, हे मात्र कळतं. आणि तेच त्यातलं मोलाचं आहे. कातडी-मांसाला इजा झालेल्या २०४ घटनांपैकी १७४ मध्ये, म्हणजे ८५ टक्क्यांत, सुई कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली होती. आणि औषध सरासरी ५६ तासांच्या आसपास चालू होतं. म्हणजे जागा चुकीची आणि वेळ लांबलेली.

किती टक्के, याचं उत्तर दुसरीकडे आहे. त्याच २०१५ साली अमेरिकेतल्या एका आयसीयूने आपला अनुभव छापला. ७३४ रुग्णांना ही औषधं हाताच्या शिरेतून दिली. १९ वेळा औषध शिरेबाहेर गेलं, आणि एकाचीही कातडी मेली नाही. २०२०मध्ये सात अभ्यास एकत्र करून पाहिले, १३८२ रुग्ण. औषध बाहेर गेल्याचं प्रमाण ३.४ टक्के, मांस मेल्याची नोंद नाही. २०२३मध्ये क्लोव्हर्स नावाचा मोठा अमेरिकन प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात पाचशे जणांना असं औषध दिलं आणि तिघांना त्रास झाला. बँकॉकच्या सिरीराज हॉस्पिटलात ३१० रुग्णांवर प्रयोग झाला, तो २०१९ला छापून आला. औषध लवकर सुरू केलेल्यांपैकी ७६ टक्के सहा तासांत शॉकमधून सावरले, इतरांत ४८ टक्के. तिथे हाताची शीर असो की सेंट्रल लाईन, जे हाताशी असेल त्यातून औषध सुरू करायची मुभा होती. मृत्यूच्या आकड्यांत मात्र ठामपणे सांगावा इतका फरक दिसला नाही, तेही प्रामाणिकपणे सांगून टाकते.

आणि २०२१मध्ये सेप्सिसबद्दलची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत स्पष्ट सुचवलं आहे की सेंट्रल लाईनसाठी थांबून औषध लांबवू नका, हाताच्या शिरेतून सुरू करा. त्यांनी ही शिफारस 'कमकुवत' प्रतीची म्हटली आहे, म्हणजे पुरावा अजून पुरेसा भक्कम नाही. आणि अटीही घातल्या आहेत. थोड्याच वेळापुरतं, आणि शीर कोपराच्या खळगीतली किंवा तिच्या वरची.

तेव्हा तालुक्याच्या त्या डॉक्टरांनी गुन्हा केला नाही. त्यांच्यामुळे मला अँब्युलन्समध्ये हाक ऐकू आली.

"मग हात का जळला?" असं पुतण्या विचारणार. बरोबर आहे, विचारायलाच हवं. त्या अमेरिकन आयसीयूत एकाचीही कातडी गेली नाही, ती तिथल्या सुया सोन्याच्या होत्या म्हणून नव्हे. त्यांचे नियम वाचले तर कळतं. शीर आधी सोनोग्राफीने बघायची, चार मिलिमीटरहून रुंद हवी. सुई हातालाच, पण मनगटावर-पंजावर नाही. सुई जाड हवी. ती शिरेत आहे याची खात्री रक्त मागे ओढून करायची. ७२ तासांहून जास्त नाही. आणि दर दोन तासांनी सिस्टरने जागा तपासायची. औषध सांडलंच तर उतारा लगेच द्यायचा.

भाची तिच्या वॉर्डात काय करते ते तिने मला माझ्याच हातावर दाखवलं. पंजावरची निळी सुई ती या औषधाला वापरत नाही, कोपराजवळ गुलाबी किंवा हिरवी टाकते. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधत नाही, कारण पट्टा फुगला की शीर दाबली जाते. सुईवर पारदर्शक पट्टी लावते, जाड चिकटपट्टीची गुंडाळी नाही, म्हणजे खालची कातडी दिसते. हात चादरीखाली ठेवत नाही. दर तासाला बोट लावून बघते. गार आहे का, पांढरी पडली का, टणक झाली का, दुखतं का. दुसऱ्या हाताला एक सुई तयार ठेवते, कारण औषध सांडलं म्हणून नुसतं बंद केलं तर बीपी कोसळेल. "मावशी, पंपावर भरवसा ठेवायचा नाही," ती म्हणाली. "सुई मांसात गेली तरी पंप कितीतरी वेळ ढकलत राहतो, अलार्म होईलच असं नाही."

आणि सांडलं तर? औषध थांबवायचं, पण सुई उपटायची नाही. आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध मागे ओढून घ्यायचं. मग फेंटोलामाइन, पाच ते दहा मिलिग्रॅम सलाईनमध्ये मिसळून, बारीक सुईने त्या जागेत आणि आजूबाजूला टोचायचं, बारा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. शेक द्यायचा तो कोमट. बर्फ नाही, बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. आमच्या एका जावेने त्या सकाळी बाहेरून बर्फ मागवला होता, सिस्टरने तो लावू दिला नाही. त्यावरून तिच्याशी भांडण झालं. सिस्टरचंच बरोबर होतं, बाई.

फेंटोलामाइन त्या हॉस्पिटलात नव्हतं. हे मला डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

आता त्या रात्रीच्या सिस्टरबद्दल. ती चोविसेक वर्षांची असेल. तिच्याकडे त्या रात्री सात पेशंट होते, त्यातले दोघे व्हेंटिलेटरवर. मी काचेबाहेरच्या बाकावर होते, मला दिसत होतं. सात पेशंटांचे हात दर तासाला बघायचे, औषधं द्यायची, नोंदी करायच्या, व्हेंटिलेटरवाल्यांचा कफ काढायचा, आणि दाराशी "आमच्या पेशंटचं काय?" विचारणाऱ्यांना तोंड द्यायचं. शाळेत एका वर्गात नव्वद मुलं कोंबून वर "प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष द्या" असं परिपत्रक यायचं, त्याची आठवण झाली. तिला पंजावरची सुई मिळाली ती तालुक्याहून आलेली. ती बदलायची असा लेखी नियम तिथे नव्हता. उतारा कपाटात नव्हता. तरी पहाटे साडेचारला, कुणी न सांगता, तिनेच ते पाहिलं आणि तिनेच ते लपवलं नाही. आणि तक्रार तिच्या नावाने? सही करणाऱ्याला ती सापडते, कारण तिच्या गणवेशावर नावाची पट्टी असते. सात पेशंटांवर एक सिस्टर नेमणाऱ्याची पट्टी कुठे असते?

आता जे अजून कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. रात्री अकराला मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. हे म्हणाले, "हात चुरचुरतोय गं." मी हात पाहिला. पंजा पांढरट दिसला, गार लागला, थोडा सुजलाही होता. मला वाटलं सलाईनची सूज असेल, तिला मेली एवढी कामं, कशाला उगीच हाक मारायची. मी म्हटलं, "सलाईनचं आहे, सहन करा जरा." आणि चादर ओढून हात झाकला.

साडेपाच तास. पुतण्या, दोष वाटायचाच असेल तर त्या यादीत माझंही नाव घाल.

मला कुणी सांगितलं नव्हतं की या औषधात दुखणं ही खूण असते. सांगितलं असतं तर मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. सांगायला किती वेळ लागतो? एक वाक्य. "आजी, या हाताला दुखलं, गार पडला, रंग बदलला तर लगेच आम्हाला हाक मारा." शुद्धीत असलेला पेशंट आणि शेजारी बसलेलं माणूस यांच्याएवढी स्वस्त राखण दुसरी नाही, आणि आपल्याकडे तिला दाराबाहेर बसवतात.

दुसऱ्या बाजूलाही मला बोलायचं आहे. काही डॉक्टरमंडळी हे नवे अभ्यास दाखवून म्हणतील, "बघा, सुरक्षित आहे, द्या हाताच्या शिरेतून." थांबा. ज्या अभ्यासांच्या जोरावर हे बोलता, तिथे नियम होते, पाळणारी माणसं होती, उतारा होता. त्यातली निम्मीच गोष्ट उचलायची आणि राखण करणारी माणसं मात्र तेवढीच ठेवायची, हे मला मान्य नाही. सेंट्रल लाईनलाही धोके आहेत, फुप्फुसाला भोक पडू शकतं, जंतुसंसर्ग होतो. म्हणून ती टाळता आली तर चांगलंच. पण हाताच्या शिरेतून औषध देणं ही काही काटकसर नाही. लाईनचा खर्च वाचतो तो राखणीला लावावा लागतो. आणि "सकाळी टाकू" म्हणजे नेमकं किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवावं लागतं.

तेव्हा मी तक्रार करणार आहे, पण वेगळी. ती हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला आहे, मीच लिहिली आहे, आणि ह्यांनी उजव्या हाताने सहीही केली आहे. तीत कुणाचं लायसन्स मागितलेलं नाही. मागितलं आहे ते असं. या औषधासाठी सुई कोपराजवळच, आणि दुसरीकडून आलेला पेशंट पंजावरच्या सुईवर असेल तर तासाभरात बदलायची. दर तासाला तपासणी, सहीसकट. फेंटोलामाइन आयसीयूच्या कपाटात, मुदत बघून. ते खरंच मिळत नसेल तर त्याच्याऐवजी काय वापरायचं ते डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवायचं. हे औषध चालू असलेल्या पेशंटमागे सिस्टर एकास दोन, सात नाही. आणि नातेवाईकांना ते एक वाक्य, मराठीत, खाटेच्या पायथ्याशी लावलेलं. उत्तर आलं नाही तर दर महिन्याला एक पत्र जाईल. वेळ भरपूर आहे, आणि अक्षर अजून चांगलं आहे.

पुतण्याला एक विनंती. तुझा राग काकांवरच्या मायेपोटी आहे हे मला कळतं. पण त्या मुलीचं लायसन्स गेलं तर उद्या तिच्या जागी येणारी दुसरी काय शिकेल? एवढंच, की सांडलेलं दिसलं तर गप्प बसावं. आणि तालुक्याचे डॉक्टर शिकतील की नकोच ते हाताच्या शिरेतून देणं, जाऊ दे तसाच जिल्ह्याला. मग पुन्हा कुणाची तरी बहीण बाकावर बसून तीन तास मोजेल.

काल ह्यांनी बऱ्याच महिन्यांनी पेटीची खोळ काढली. भाता डाव्या हाताने ओढता येत नाही, तो मी ओढला, माझा ताल चुकत होता. हे वैतागले. चालायचंच.

तुमच्यापैकी कुणी आयसीयूत काम करत असेल, किंवा कुणाला असा अनुभव आला असेल, तर जरूर कळवा. आणि कुणाच्या घरचं माणूस आयसीयूत असेल तर भेटायला गेल्यावर त्याचा हात चादरीबाहेर काढून बघा.